घंटी चुप झाली की धाव

माझा आवाज मंजुळ आहे असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. पितळी घंटेसारखी मी घुमत नाही, आणि शाळेच्या घंटेसारखं मला ऐकून कुणी आनंदाने घराकडे पळतही नाही. मी नुसती टोक-टोक करते. मित्रांनो, मी एक जुनी लाकडी घंटी आहे, गाईच्या गळ्यात बांधायची. माझं सगळं आयुष्य गोंडपिपरीजवळच्या एका गावात आणि त्याला लागून असलेल्या जंगलात गेलं. फक्त एकदा मी समुद्रावर जाऊन आले. त्या एका वेळेची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

मला कोरलं जंगूने. तो मूळचा आलापल्लीकडचा. आमच्या गावात तो गायकी होता, म्हणजे गावाची गुरं जंगलात चारून आणणारा. शिवणीचं हलकं, न तडकणारं लाकूड त्याने आतून पोखरलं आणि धावड्याच्या टणक लाकडाचे दोन लोलक माझ्या पोटात टांगले. पितळेची घंटी विकत मिळत असताना एवढा खटाटोप कशाला, असं त्याला कुणीतरी विचारलं होतं. तो म्हणाला, "पितळ लय बोलते. जंगलभर बोलते. पण गाय कुठी हाये ते नाई सांगत."

त्याचं खरं होतं. पितळेचा नाद लांबत जातो, झाडांवर आपटून चहूकडून परत येतो. माझा ठोका पडतो आणि लगेच विझतो. म्हणून तो कोणत्या दिशेने आला हे कानाला नेमकं कळतं. शिवाय जाडसर, खालच्या पट्टीतला आवाज पानांच्या गर्दीतून सहज वाट काढतो. जंगूला हे कुणी शिकवलं नव्हतं. तो ऐकत आला होता, एवढंच.

त्याने मला कबरीच्या गळ्यात बांधलं. कबरी सत्यशीलाबाईंची गाय आणि कळपाची म्होरकी. ती पुढे, बाकीची गुरं मागे. एखादं वासरू मागे राहिलं की जंगू कबरीची मान धरून मला हलवायचा. दोन ठोके जवळजवळ, मग एक थांबून. टोक-टोक, टोक. ते ऐकलं की वासरू झुडपातून उड्या मारत यायचं.

सत्यशीलाबाईंची मुलगी हर्षा सुट्टीच्या दिवशी जंगूबरोबर जंगलात जायची. तिला प्रश्न फार पडत. एकदा तिने विचारलं, "जंगूभाऊ, तुमी दिवसभर घंटीकडंच कान लावून बसता. कटाळा नाई येत?"

"बोलून राह्यली तोवर मी मजेत," जंगू म्हणाला. "घंटी बोलते म्हंजे गाय चरते. वाघाचा वास आला का गाय उभीच राह्यते, मान हालवत नाई. मंग घंटी चुप. चुप झाली का धावाचं, पोरी. इचार नाई कराचा."

एका हिवाळ्यात तसंच झालं. कबरी ताठ उभी राहिली, मी गप्प झाले आणि दुसऱ्या क्षणाला काठी आपटत, आरडाओरडा करत जंगू धावत आला. वाघाचा पंजा कबरीच्या खांद्यावर पडला आणि माझ्या कडेवर एक चिरा उमटवून गेला. पण कबरी वाचली. त्या दिवशी गावभर माझं कौतुक झालं. बाया मला हात लावून बघत होत्या.

मित्रांनो, कौतुक फार दिवस टिकत नाही. कबरी म्हातारी होऊन गोठ्यातच गेली. जंगलात चराई कमी झाली, जंगूचे गुडघे धरले, लोक गुरांना घरीच चारा टाकू लागले. मला एका खुंटीवर विळ्याशेजारी अडकवलं गेलं. माझ्या पोटात कोळ्याने जाळं विणलं आणि लोलक हलेनासे झाले. मी गप्प होते, पण आता धावत येणारं कुणी नव्हतं.

हर्षा मात्र मोठी होत होती. ती शिकली, इंजिनियर झाली, आणि मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये कामाला लागली. आमच्या गावात तोवर समुद्रावर नोकरी केलेलं कुणीच नव्हतं. शेजारचे गुणवंतराव दर सुट्टीला विचारायचे, "पोरी, मासे पकडतं का तू तिकडं?" आणि हर्षा दर वेळी सांगायची, "नाई काका, गहू नेतो, कोळसा नेतो. तुमच्या धानाले टाकता ते खतबी आमीच आणतो."

"माह्यं खत तं गोंडपिपरीच्या दुकानातून येते!"

"अन् दुकानात कुठून येते?"

यावर गुणवंतराव विचारात पडायचे आणि पुढच्या सुट्टीत पुन्हा तोच प्रश्न घेऊन यायचे.

मग एका वर्षी दूरच्या देशांचं भांडण समुद्रावर उतरलं. तिथे एक चिंचोळी सामुद्रधुनी आहे. तिच्यातून जाणाऱ्या जहाजांवर किनाऱ्यावरून मारा होऊ लागला. जहाजावर गहू आहे की खत, आत कुणाची मुलं काम करतात, हे मारणाऱ्यांना विचारायचं नव्हतं. कितीतरी जहाजं सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. घरी यायची वाट पाहणाऱ्या खलाशांची वाट आणखी लांबली. काही जहाजं मात्र त्या सामुद्रधुनीतूनच जात होती. हर्षाचं जहाज त्यांतलं एक होतं. ज्याला जायचं नसेल त्याने आधीच उतरावं, अशी मुभा सगळ्यांना होती.

"मंग उतर ना माय," सुट्टी संपवून निघालेल्या हर्षाला सत्यशीलाबाई म्हणाल्या. त्या अंगणवाडीत शिकवतात. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नाही. "तुले कोन जबरदस्ती करून राह्यलं?"

"कोनी नाई, आई. पन मी उतरली तं माह्या जागी दुसऱ्याचं लेकरू चढन. नाई चढलं तं माह्यं काम बाकीच्याइले कराव लागन. झोप न झालेला मानूस इंजिनजवळ लय वाईट."

सत्यशीलाबाई उठल्या. मग त्यांनी खुंटीवरून मला काढलं, पदराने जाळं पुसलं आणि हर्षाच्या बॅगेवर ठेवलं.

"हे ने."

"आई, जहाजात गाई नाईत."

"मानसं तं हायेत ना? मानूसबी हरपते." मग त्या म्हणाल्या, "हा ताईत नाई हां. आपल्यात ताईत नसते. ही काम करते म्हनून देऊन राह्यली."

असा माझा प्रवास सुरू झाला. विमानतळावरच्या शिपायाने मला उलटंसुलटं करून पाहिलं, वाजवून पाहिलं, आणि "गाय कहाँ है?" असं विचारून स्वतःच हसला.

जहाज म्हणजे काय ते मी सांगू शकेन असं मला वाटत नाही. आमचं सगळं गाव त्याच्या पोटात मावलं असतं. खाली इंजिनरूम होती, तीन मजली घराएवढी उंच. तिथे इतका आवाज की माणसं कानांवर जाड झाकणं लावून हातांच्या खुणांनी बोलत. आपल्याकडच्या जहाजांवर इंजिनियरांना नंबराने हाक मारायची रीत आहे. सर्वांत मोठे ते बडे साब, मग दो साब, तीन साब. हर्षा चौथी, म्हणून ती चार साब. मुलगी असली तरी चार साबच!

तिच्या हाताखाली देवगडचा पियुष होता. इंजिनला तेलपाणी करणारा, तोंडाने तिखट, कामाला चोख. त्याने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो म्हणाला, "चार साब, ही गुरांची घंटी बोटीवर कोणासाठी?"

"तुमच्यासाठीच आणली."

"मग चाऱ्याचं पण बघा. कुक रोज कोबीच घालतो."

सुरुवातीला मी हर्षाच्या खोलीत होते. पण जहाज डोललं की मी वाजायची. शेजारच्या तीन साबांनी दोनदा भिंत ठोकली. तेव्हा हर्षाने लोलकांना फडकं बांधून मला कपाटात ठेवलं. इथेही खुंटीच नशिबात आहे, असं मला वाटलं.

जहाज खत घेऊन आपल्या पूर्व किनाऱ्याकडे निघालं होतं. सामुद्रधुनी जवळ आली तशी माणसं कमी बोलू लागली. कठड्यांना काटेरी तारा लावल्या, डेकवरचे दिवे मालवले, खिडक्या झाकल्या. तरी कुणी काम सोडलं नाही. कुकने त्या दिवशी कोबी न करता सगळ्यांसाठी पुऱ्या तळल्या. भीती वाटणाऱ्या माणसांनी आपापलं काम नीट करणं, याहून मोठं शौर्य मी जंगलातही पाहिलेलं नाही.

प्रत्येक मोठ्या जहाजावर एक यंत्र असतं. मी कोण, कुठे आहे, कोणीकडे चालले आहे, हे ते आसपासच्या जहाजांना सतत सांगत राहतं, म्हणजे जहाजं एकमेकांवर आदळत नाहीत. त्याच्यामुळेच सत्यशीलाबाईंना मोबाइलच्या नकाशावर आपल्या मुलीचं जहाज दिसायचं. निळ्या पाण्यात एक हिरवा ठिपका. आता ते यंत्र बंद करायचं होतं. हर्षाने आईला फोन लावला.

"आई, आता ठिपका दिसनार नाई. घाबरू नको."

"चुप झाली का धावाचं, असं जंगूभाऊ सांगे," पलीकडून सत्यशीलाबाई म्हणाल्या. "मी कुठी धावू, माय?"

हर्षा म्हणाली, "आमची घंटी आमीच काढून ठेवून राह्यलो, आई. वाघाले ऐकू जाऊ नये म्हनून. पार झालो का परत बांधू."

फोन ठेवल्यावर तिने कपाट उघडलं आणि माझं फडकं सोडलं.

इंजिनरूमच्या तळापासून थेट डेकपर्यंत जाणारी एक उभी, अरुंद वाट असते. कोरड्या विहिरीसारखी, आत फक्त लोखंडी शिडी. नेहमीचा जिना बंद झाला तर माणसांनी तिथून निसटायचं. त्या विहिरीच्या तळाला जाड दार होतं. हर्षाने मला त्या दाराशेजारी टांगलं. बडे साबांनी भुवया उंचावल्या, पण नको म्हणाले नाहीत. पियुषने मात्र कानावरचं झाकण सरकवून ओरडून विचारलं, "एवढ्या आवाजात ही ऐकू कोणाला येणार?"

"नाही आली तर उत्तम!" हर्षाही ओरडूनच म्हणाली.

सकाळी माणसांची न्याहारी नुकतीच झाली होती. खाली हर्षा आणि पियुष दोघेच होते. हर्षा मधल्या मजल्यावर, पियुष अगदी तळाला, पलीकडच्या बाजूला. मी नेहमीसारखी हलत होते आणि नेहमीसारखीच कुणाला ऐकू येत नव्हते.

स्फोटकांनी भरलेली एक बिनमाणसांची होडी जहाजाच्या कुशीत येऊन आदळली.

तो आवाज मी सांगत नाही. त्यानंतरचं सांगते. दिवे गेले. धूर भरला. जिन्याच्या बाजूला आग लागली. कुठूनतरी पाणी घुसू लागलं. आणि इंजिन थांबलं. निघाल्यापासून न थांबलेली ती घरघर एकाएकी संपली. बंद पडलेलं जहाज लाटांना आडवं झालं आणि या कुशीवरून त्या कुशीवर कलू लागलं. त्याच्याबरोबर मीही हलले.

टोक. टोक.

मित्रांनो, त्या इंजिनरूममध्ये मी पहिल्यांदा ऐकू आले ती तेव्हा.

धुरात संकटकाळचे दिवे हातभर अंतरावरही दिसत नव्हते. त्या लोखंडी पोकळीत सगळे आवाज घुमत होते, पाणी तर चहूबाजूंनी आल्यासारखं वाटत होतं. माझा ठोका तेवढा पडत होता आणि विझत होता. हर्षा जमिनीलगत रांगत, तोंडावर ओलं फडकं धरून माझ्याकडे आली. तिने दाराची मूठ फिरवली. आत विहिरीत हवा स्वच्छ होती. वरून बडे साबांचा आवाज आला, "चार साब! ऊपर आओ!"

"पियुष बाकी है!" ती ओरडली. आणि ती वर गेली नाही.

तिने मला खुंटीवरून काढून हातात घेतलं आणि हलवायला सुरुवात केली. टोक-टोक, टोक. जंगू वासराला बोलवायचा तसं. पियुषने जंगू पाहिला नव्हता, जंगल पाहिलं नव्हतं. पण जहाज हललं म्हणून पडणारा ठोका आणि माणसाच्या हातातून येणारा ठोका यांतला फरक कुणालाही कळतो. आपली कुणीतरी वाट पाहत आहे, हे त्या दुसऱ्या ठोक्यात असतं. पाणी हर्षाच्या पोटऱ्यांपर्यंत आलं. तिने मला इतक्या जोरात हलवलं की माझा एक लोलक तुटून पाण्यात पडला. उरलेल्या एकावर ती वाजवत राहिली.

मग धुरातून खोकला ऐकू आला. आणि एक हात पुढे आला.

पियुषच्या कपाळातून रक्त येत होतं. तो सुरुवातीला उलट्या दिशेला गेला होता, आगीकडे. हर्षाने त्याला आत ओढलं, दार लावलं. विहिरीत काळोख होता. तिने त्याला शिडीवर पुढे केलं आणि माझी दोरी त्याच्या गळ्यात अडकवली.

"हे काय?" तो कसाबसा म्हणाला.

"चढा. वाजत राहिली की मला कळेल तुम्ही चढताय."

असा तो चढला, मित्रांनो. गुरांची घंटी गळ्यात घालून, जो तिला हसला होता तोच. एक पायरी, एक ठोका. खालून हर्षा. निम्म्या वाटेवर मी गप्प झाले. पियुषचे हात सैल पडत होते. त्याने हाक मारली नाही, तेवढा दमच त्याच्यात नव्हता. पण हर्षा जंगूच्या शिकवणीत वाढली होती. तिने विचार केला नाही. दोन पायऱ्या झपकन वर येऊन तिने आपला खांदा त्याच्याखाली लावला आणि त्याला शिडीशी दाबून धरलं.

"पियुष, बोलू द्या तिला!"

थोड्या वेळाने मी पुन्हा हलले. टोक. मग आणखी एक. वरून बडे साबांचे हात आले.

सगळे जण बोटीत उतरले. मोठं जहाज त्यांच्या डोळ्यांदेखत हळूहळू कलत गेलं आणि त्याच्या पोटातल्या खतासकट बुडालं.  

त्याच पाण्यातून एक दुसरं मालवाहू जहाज चाललं होतं. परक्या देशाचं, परक्या भाषेचं. त्याला तिथून वेगाने निघून जाता आलं असतं आणि कुणी दोष दिला नसता. पण ते वळलं. मारा होत असलेल्या पाण्यात उभं राहिलं, शिडी सोडली आणि आमच्या प्रत्येक माणसाला वर घेतलं. तिथल्या खलाशांनी आपले कोरडे कपडे काढून दिले. मोजणी झाली. सगळे होते. तेव्हा कुठे हर्षा बसली आणि रडली.

घरी सत्यशीलाबाई हातात मोबाइल धरून बसल्या होत्या. ठिपका नव्हता. जहाजावर हल्ला झाल्याची बातमी टीव्हीवर आली होती, पण नाव सांगत नव्हते. त्यांचा फोन वाजला तेव्हा नंबर ओळखीचा नव्हता. पलीकडून आवाज आला, "आई, बोलून राह्यली मी." त्या नंतर सांगायच्या, पोरगी पुढे काय म्हणाली ते त्यांना आठवतच नाही.

हर्षा मला घेऊन गावी परत आली. आल्या दिवशी गुणवंतराव बांधावरून तावातावाने आले. हर्षा ओसरीच्या आत बसली होती, ती त्यांना दिसली नाही. "बाई, दुकानदार म्हनते खत नाई, जहाज बुडलं! आता धानाले का टाकू? मले तं वाटते थापा मारून राह्यला!"

"थाप नाई, काका," हर्षा आतून म्हणाली.

गुणवंतराव आत डोकावले. तिच्या हातावरच्या भाजल्याच्या खुणा त्यांनी पाहिल्या. मग ते तिथेच पायरीवर टेकले. खताचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. निघताना एवढंच म्हणाले, "धान येते वो, कमी आलं तं कमी. तू आली ना."

हर्षाने मला जंगूकडे नेलं. आता त्याला दिसायला कमी झालं आहे. त्याने बोटाने माझा चिरा चाचपला, तुटलेल्या लोलकाची जागा चाचपली आणि धावड्याचा नवा लोलक करून बसवला. हलवून ऐकलं. "आवाज बदलला," तो म्हणाला. "पन खोटा नाई."

तेवढ्यात पियुषचा फोन आला. तो बरा झाला होता, दुसऱ्या जहाजावर जायच्या तयारीत होता. हर्षाने जंगूला सांगितलं, "त्याले बी एक घंटी पाहिजे म्हनते."

"किती गाई हायेत त्याच्याकडं?"

"एकबी नाई!"

जंगू खूप हसला. मग त्याने शिवणीची दोन लाकडं निवडली. एक घंटी देवगडला गेली. दुसरी हर्षाने नेली, कारण तीही पुन्हा गेली, मित्रांनो. जहाजं चालली नाहीत तर आपल्या ताटापर्यंत आणि शेतापर्यंत काय काय पोचणार नाही, हे तिला माहीत आहे. भांडणारे भांडत असतात. मधल्या पाण्यातून कुणाला तरी गहू आणि खत घेऊन यावंच लागतं.

माझं वय झालं म्हणून मला घरी ठेवलं. पण खुंटीवर नाही. सत्यशीलाबाईंनी मला अंगणाच्या फाटकाला टांगलं आहे.

तुम्ही बाळगोपाळ माझ्याजवळून पळताना मला ढकलता, त्याचा मला राग नाही. पण एक मागणं आहे. शेतात खताचं पोतं उघडाल, पोळीचा घास मोडाल, तेव्हा ते आणणाऱ्या माणसांची आठवण ठेवा. ती दूर असतात, त्यांचा गाजावाजा नसतो, आणि ती गप्प झाली तर लवकर कुणाच्या लक्षातही येत नाही. कुणी आपलं माणूस गप्प झालं, तर ते ऐकू येण्याएवढा कान तेवढा तयार ठेवा.

हर्षाचं नवं जहाजही आता त्या सामुद्रधुनीतून जातं. मोबाइलवरचा ठिपका जातो. मग सगळी गल्ली हळू बोलते. गुणवंतराव बैलांना पाणी दाखवताना फाटकाकडे कान ठेवतात. आज सकाळीही तसंच होतं. सत्यशीलाबाई मोबाइल घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. मग त्या उठल्या, चालत माझ्यापाशी आल्या आणि त्यांनी मला हलवलं.

टोक-टोक, टोक.

"निंघाली का वो पोरगी पार?" समोरून गुणवंतरावांनी विचारलं.

"निंघाली," सत्यशीलाबाई म्हणाल्या.